सत्तर हातांचा पेला

मराठीत आपण ज्याला ‘चिनी माती’ म्हणतो त्या शब्दात फार मोठे गोत्र सामावले आहे. लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी, पाहुणे आले म्हणजेच कपाटाबाहेर येणारा चहाचा संच, न्हाणीघरातील फरशी, विजेच्या खांबावरचे पांढरे लट्टू, सारे आपल्या लेखी चिनी मातीचेच. इंग्रजांनी तर भांड्यांनाच ‘चायना’ म्हणून टाकले. एखाद्या देशाचे नाव घरोघरच्या फडताळात जाऊन बसावे, हा त्या देशाच्या कारागिरांचा केवढा गौरव! मात्र नाव राहिले ते देशाचे. ज्या हातांनी ते मिळवले त्यांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत.

बरणीचा अवमान करण्याचा आमचा हेतू नाही. कैरीचे लोणचे वर्षभर टिकते ते तिच्याच पुण्याईने. तथापि ती खऱ्या अर्थाने पोर्सेलीन नव्हे. अस्सल पोर्सेलीनचा पातळ पेला उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. त्याला टिचकी मारली तर घंटेसारखा नाद उमटतो. झिलई नसलेल्या बुडाशीही पाणी मुरत नाही. मातीला हे गुण यावेत म्हणून विशिष्ट दगड, विशिष्ट माती आणि सुमारे १३०० अंश सेल्सिअसचा विस्तव लागतो. ही विद्या चीनमध्ये शेकडो वर्षे नांदत होती, तेव्हा परदेशी माणसे तिच्याविषयी केवळ तर्क करीत होती. मलबारात कण्णूरच्या पोर्तुगीज वखारीत काम केलेल्या दुआर्त बार्बोझाने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले की, ही भांडी शिंपले व अंड्यांची टरफले यांच्या भुकटीची असतात आणि ती भुकटी ऐंशी-शंभर वर्षे जमिनीत पुरून ठेवावी लागते. आजोबांनी पुरावे आणि नातवाने उकरावे, अशी ती कल्पना! बार्बोझाला हसण्याचे कारण नाही. बंदरात माल मिळतो, माहिती मिळत नाही.

माहिती होती ती बंदरापासून फार दूर, दक्षिण चीनच्या जियांगशी प्रांतात, चांग नदीच्या काठी वसलेल्या जिंगदेझेन या गावात. १००४ साली सोंग घराण्यातील झेनझोंग सम्राटाने आपल्या ‘जिंगदे’ या राजवर्षमालेचे नाव या गावाला दिले. तेथील भांडी त्याच्या मनास आली होती. मंगोल अमलात, १२७८ साली, येथे पोर्सेलीनचे सरकारी खाते स्थापन झाले. त्याच काळात इराणच्या बाजूने येणाऱ्या कोबाल्टने पांढऱ्या अंगावर निळी चित्रे काढण्याची रीत रुळली. १३५१ साली एका भाविकाने देवळाला वाहिलेल्या दोन उंच निळ्या-पांढऱ्या कलशांची जोडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यांच्यावर दात्याचा लेख आहे, साल आहे. घडवणाऱ्याचे नाव नाही. पुढे मिंग घराण्याने राजवाड्यासाठी येथे स्वतंत्र भट्ट्या चालविल्या.

पोर्तुगीज जॉर्ज आल्व्हारिश १५१३ साली चीनच्या किनाऱ्याला लागला आणि काही वर्षांतच जिंगदेझेनचे चित्रकार लिस्बनच्या राजाचे चिन्ह रंगवू लागले. ते चिन्ह कधी कधी उलटेही रंगवले गेले; चित्रकाराला त्याचे खाली-वर काय ठाऊक? येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे व ‘आवे मारिया’ची लॅटिन प्रार्थना असलेली निळी-पांढरी भांडीही त्या काळातील आहेत. त्या अक्षरांचा अर्थ ती काढणाऱ्या हातांना माहीत नव्हता. १५५७ मध्ये मकाव येथे पोर्तुगीजांचे बस्तान बसले आणि मकाव, मलाक्का, गोवा, लिस्बन ही वाट वाहती झाली. आपल्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला व जुन्या गोव्यात निळ्या रेघांच्या ज्या पांढऱ्या खापऱ्या मातीतून वर येतात त्या या वाटेवरून आलेल्या मालाच्या. १६०३ साली डचांनी ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज गलबत पकडले, तेव्हा त्यात सुमारे लाखभर नग होते असे सांगतात. ॲमस्टरडॅमच्या लिलावात युरोपचे राजे-रजवाडे त्यावर तुटून पडले.

एवढे होऊनही ‘हे बनते कसे?’ या प्रश्नाचे उत्तर युरोपला मिळाले नव्हते. ते सविस्तर मिळाले एका धर्मगुरूच्या पत्रातून, आणि म्हणूनच हा विषय आम्ही या पानांसाठी निवडला.

फादर फ्रान्स्वा झेवियर दांत्रकोल हे फ्रेंच येशूसंघीय. ज्या संताचे नाव त्यांना मिळाले होते तो संत फ्रान्सिस झेवियर आपल्या वसईत येऊन गेलेला. १५५२ साली चीनच्या उंबऱ्यावर, सांचियान बेटावर, त्याने देह ठेवला. त्याला जे पाऊल टाकता आले नाही ते त्याच्या या नामधारकाने १६९८ मध्ये टाकले. जियांगशी प्रांतात राओझोऊ येथे त्यांचे कार्यक्षेत्र होते आणि जिंगदेझेनमध्ये त्यांचा लहानसा धर्मग्राम होता. तेथील भाविक कोण? चाक फिरवणारे, झिलई चढवणारे, भट्टीला लाकूड घालणारे आणि त्या भांड्यांचा व्यापार करणारे. १ सप्टेंबर १७१२ रोजी फादरांनी पॅरिसला, मिशनचा कारभार पाहणाऱ्या फादर ओरी यांना, एक दीर्घ पत्र लिहिले. २५ जानेवारी १७२२ रोजी पहिल्यातील उणिवा भरून काढणारे दुसरे पाठवले. आपली माहिती कोठून आली हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे: स्वतः पाहिलेले, चिनी ग्रंथांत वाचलेले, आणि मुख्यतः या धंद्यात असलेल्या आपल्या ख्रिस्ती लोकांकडून ऐकलेले.

त्या पत्रांतील जिंगदेझेन डोळ्यांपुढे उभे राहते. गावाला तट नाही. गावात अठरा हजार कुटुंबे आणि सारे मिळून दहा लाख जीव असल्याचे लोक सांगतात. भट्ट्या तीन हजार. रात्री डोंगरातून खाली येणाऱ्याला वाटावे की अवघे शहर पेटले आहे. परक्या माणसाने रात्री एक तर आपल्या नावेत झोपावे किंवा त्याची हमी घेणाऱ्या ओळखीच्या घरी. महागाई एवढी असूनही गरीब लोक तेथे येतात, कारण लुळ्या-पांगळ्यांना व आंधळ्यांनाही तेथे रंग घोटून पोट भरता येते. अरुंद रस्त्यांवरून हमाल लांबच लांब फळ्या खांद्यावर घेऊन जातात. त्यांवर कच्ची भांडी ओळीने मांडलेली असतात, आणि एवढ्या गर्दीत एकही पडत नाही. लोक त्यांना धक्का लागू देत नाहीत, कारण नुकसान भरून द्यावे लागते! हे वाचताना आम्हांला माशांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या आपल्या कोळीण भगिनी आठवल्या. तोल सांभाळण्याची ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत.

त्याच शहराची दुसरी बाजूही फादरांनी झाकली नाही. गोरगरिबांच्या प्रेतांसाठी गावाबाहेर एक मोठा खड्डा होता. त्यात चुना टाकीत, म्हणजे मांस लवकर झडून जाई.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पोर्सेलीनचे अंग दोन द्रव्यांचे. पहिले एक पांढरट दगड. डोंगरातून तो फोडून आणायचा, ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मुसळांनी कुटून त्याची पूड करायची. ती पूड पाण्यात ढवळायची. जाड कण तळाशी बसतात, वर सायीसारखा थर तरंगतो. तो थर दुसऱ्या हौदात काढून निवळू द्यायचा, आणि खाली बसलेल्या लगद्याच्या विटा पाडायच्या. त्यांचे चिनी नाव ‘बाइदुन्झी’, म्हणजे लहान पांढऱ्या विटा. फ्रेंच कानांनी त्याचे ‘पेतुन्से’ केले. दुसरे द्रव्य म्हणजे जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग डोंगरातील पांढरी माती. ‘गाओलिंग’चा अर्थ उंच कडा. आज जगभर ज्याला ‘केओलिन’ म्हणतात ते या डोंगराचेच नाव. कागदाच्या कारखान्यात, औषधांच्या दुकानात हा शब्द वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण एका चिनी खेड्याचे नाव घेत आहोत!

या दोहोंपैकी दगड भट्टीत वितळतो व काचेसारखा होऊन सारे सांधतो. माती वितळत नाही. ती आकार धरून ठेवते. उत्तम मालासाठी दोन्ही निम्मे-निम्मे, मध्यम मालासाठी मातीचे चार व दगडाचे सहा भाग, आणि कितीही हलका माल असला तरी तीन भाग दगडास एक भाग माती घातलीच पाहिजे. फादरांना एका व्यापाऱ्याने गोष्ट सांगितली. काही युरोपीय लोकांनी पेतुन्सेच्या विटा मिळवून आपल्या देशी नेल्या आणि भांडी करून पाहिली, पण केओलिन न्यायचे राहून गेले, त्यामुळे त्यांना काहीच साधले नाही. तो व्यापारी हसून म्हणाला की, त्या लोकांना हाडांवाचून नुसत्या मांसाचे शरीर उभे करायचे होते. केओलिन म्हणजे हाडे, पेतुन्से म्हणजे मांस. रसायनशास्त्राच्या जाड पुस्तकाने जे समजावयाचे ते त्या माणसाने एका उपमेत सांगितले.

मिश्रण फरसबंद हौदात घालून माणसे ते पायांनी तुडवतात. हे काम अतिशय कष्टाचे, आणि त्याला खंड नाही. आपल्याकडे माती तुडवणारा म्हटले की गोरोबाकाकांची आठवण होते. जिंगदेझेनच्या हौदात असे अनाम गोरोबा पिढ्यान्‌पिढ्या राबले. त्या मातीत एक केस, एक खडा, एक हवेचा बुडबुडा राहिला तरी भट्टीत भांडे तडकते. मग चाक येते. चाकावर बसलेला माणूस पेल्याला केवळ ओबडधोबड रूप देतो आणि लगेच पुढच्याच्या हाती सोपवतो. दुसरा बूड बसवतो. तिसरा साच्यावर दाबून माप नेमके करतो. चौथा सुकलेला पेला तासून पातळ करतो, आणि तासताना वारंवार ओलवतो, नाहीतर तो भंगतो. मूठ, तोटी, कान वेगळे घडवून पातळ मातीच्या चिकीने जोडतात.

रंगकामात तर श्रमांची विभागणी पराकोटीला जाते. काठाखालचे निळे वर्तुळ एक जण काढतो आणि आयुष्यभर तेच काढतो. फुलांची बाह्यरेषा दुसरा आखतो, तिसरा त्यात रंग भरतो. डोंगर-पाणी एकाचे, पक्षी व जनावरे दुसऱ्याची. निळा रंग कच्च्या सुक्या अंगावर चढतो. पुसून पुन्हा काढण्याची सोय नाही, कारण माती रंग तत्काळ पिऊन टाकते. त्यावर झिलई. झिलईसाठी पेतुन्सेच्याच पातळ गाळात चुना व नेच्याची राख यांचे पाणी मिसळतात. चुनखडीचे व डोंगरावरच्या नेच्याचे थरांवर थर रचून ते जाळायचे. फादरांनी लिहिले की, तयार पेला सत्तर जणांच्या हातांखालून गेलेला असतो असे म्हणतात. त्याच्या कितीतरी आधी, १६३७ साली, सोंग यिंगशिंग या चिनी ग्रंथकाराने उद्योगधंद्यांवरील आपल्या ग्रंथात हा आकडा बहात्तर दिला आहे. दोन-चार हात इकडे-तिकडे, मुद्दा तोच.

इतके झाल्यावर सारे अग्नीच्या स्वाधीन. प्रत्येक भांडे भरड मातीच्या जाड डब्यात ठेवतात, म्हणजे धूर व ज्वाळा अंगाला लागत नाहीत. डब्यांवर डबे चढून भट्टीत खांब उभे राहतात. तोंड बंद होते, पाइनचे लाकूड रात्रंदिवस आत जात राहते. भट्टीवाल्याजवळ उष्णतामापक नव्हता. भोकातून दिसणारा ज्वाळेचा रंग पाहून तो निर्णय घेई. थोडे कमी पडले तर माल कच्चा, थोडे अधिक झाले तर डब्यांसकट सारा ढीग एकमेकांत वितळून दगड. संपूर्ण भट्टी वाया गेल्याचे प्रसंग थोडे नव्हते. एक जण श्रीमंत होतो तेव्हा शंभर जण बुडतात, असे फादरांचे निरीक्षण आहे. आणि तरीही ते शंभर जण पुन्हा भट्टी लावतात.

राजवाड्याच्या मागण्यांनी ही संकटे वाढत. घडू न शकणाऱ्या वस्तूंची फर्माने येत, आणि वस्तू घडली नाही की फटके पडत. फादरांनी तेथे ऐकलेली एक कथा अशी: एका अशक्य फर्मानापायी कारागिरांचे हाल होत असता त्यांच्यातील एकाने निराशेच्या भरात स्वतःला धगधगत्या भट्टीत झोकून दिले. माल उत्तम निघाला. मेलेला कारागीर भट्टीचा देव झाला. स्थानिक परंपरेत त्याचे नाव तोंग बिन. १५९९ साली, पान शियांग नावाच्या सरकारी अधिकाऱ्याच्या जाचाखाली, सम्राटासाठी नाग चितारलेले प्रचंड रांजण घडत नव्हते तेव्हाची ती घटना मानतात. फादरांनी ही गोष्ट एका मूर्तीचा उगम म्हणून थोडक्यात आटोपली आहे. त्यांच्या काळाला धरूनच ते झाले. आपण मात्र ही गोष्ट एवढ्या घाईने ओलांडू नये असे आम्हांला वाटते.

त्याच पत्रात एक लहानशी बशी आहे. एका मोठ्या दुकानाच्या मोडतोडीतून ती कोणीतरी फादरांना आणून दिली. बशीच्या तळाशी क्रूसावरील ख्रिस्त, एका बाजूस पवित्र मरियामाता, दुसऱ्या बाजूस संत योहान. फादरांनी लिहिले आहे की, हजार वर्षांच्या जुन्या उंची भांड्यांपेक्षा त्यांना ही बशी मोलाची वाटली. त्यांना असे कळले की अशा बश्या पूर्वी जपानला जात. जपानमध्ये ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे मृत्यू, अशी स्थिती होती. साध्या भांड्यांच्या पेट्यांत मिसळून या बश्या पहारेकऱ्यांची नजर चुकवीत, आणि गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या घरांत पोचत, असा फादरांचा कयास आहे. पुढे हे उघडकीस आले असावे. सोळा-सतरा वर्षांपासून तशी बशी घडली नव्हती. ज्या चित्रकाराने ती चितारली त्याला ख्रिस्त ठाऊक असेल वा नसेल. त्याच्या हातचे चित्र मात्र कुणाच्या तरी अंधाऱ्या खोलीत प्रार्थनेचा आधार झाले.

इथपर्यंत सारे गोड वाटते. आता एक अवघड प्रश्न विचारणे भाग आहे.

पॅरिसला गेलेली ही पत्रे येशूसंघीयांच्या पत्रसंग्रहात छापली गेली. १७३५ साली फादर द्यु आल्द यांच्या चीनविषयक बृहद्‌ग्रंथात त्यांचा मजकूर आला व तो इंग्रजीतही उतरला. दोन्ही द्रव्यांचे नमुनेही फ्रान्सला पोचले आणि रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्यांची परीक्षा केली. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्याने हा मजकूर वाचून कॉर्नवॉलच्या टेकड्यांत तसाच दगड व तशीच माती हुडकली, आणि १७६८ मध्ये पोर्सेलीनचे पेटंट घेतले. जोसाया वेजवूडने आपल्या टिपणवहीत फादरांच्या पत्रांतील उतारे उतरवून ठेवले होते. फ्रान्समध्ये लिमोजजवळ केओलिन सापडले तेही १७६८ च्या सुमारास. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या कारखान्यांचा माल जगभर पसरला. ज्या गावाने जगाला पेला दिला त्याची गिऱ्हाइके त्याच पेल्याच्या नकलेने नेली. तेव्हा आमच्या या धर्मगुरूने आपल्याच भाविकांच्या पोटावर पाय दिला, असे म्हणायचे का?

‘औद्योगिक हेरगिरी’ हा शब्द आजकाल फादर दांत्रकोल यांच्या बाबतीत सर्रास वापरला जातो. तो आम्हांला पटत नाही. पण त्यांना संपूर्ण निर्दोष ठरवण्याचीही आमची तयारी नाही. काही गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. जर्मनीत माइसेन येथे बोटगर व चिर्नहाउस यांच्या प्रयोगांतून अस्सल पोर्सेलीन आधीच साधले होते आणि तेथील कारखाना १७१० सालीच, म्हणजे पहिल्या पत्राच्या दोन वर्षे अगोदर, सुरू झाला होता. कृतीचा गाभा सोंग यिंगशिंगच्या छापील ग्रंथात होता. म्हणजे जगापासून दडवलेली कुपी फादरांनी फोडली असे झाले नाही. त्यांनी लपूनछपूनही काही केले नाही. माहिती कोणाकडून घेतली ते उघड सांगितले.

मात्र सोंग यिंगशिंगचे वाचक चिनी होते. फादरांचे वाचक दूरच्या, स्पर्धेला टपलेल्या देशातले, आणि ही माहिती युरोपला उपयोगी पडावी ही इच्छा त्यांनी मनात ठेवूनच लिहिले. ज्या भाविकाने पापनिवेदनास आल्यावर वा मिस्सानंतर अंगणात बोलता बोलता आपल्या धंद्यातील खुबी सांगितली, त्याने ती आपल्या धर्मगुरूला सांगितली होती, प्लिमथच्या औषधविक्रेत्याला नव्हे. (पापनिवेदनाचे गुपित फोडले असे आम्ही सुचवीत नाही, फादरांवर तसा आरोप कोणीही केलेला नाही.) धर्मगुरूवर लोक विश्वास टाकतात तो धंद्याच्या करारासारखा मोजून-मापून नसतो. त्याच्याजवळ बोलताना शब्द सैल सुटतात. म्हणून ते शब्द पुढे कोठे न्यायचे याचा विचार त्याने दुप्पट करावयास हवा होता. वसईपासून गोव्यापर्यंतच्या धर्मग्रामांत ज्यांनी धर्मगुरूंच्या ओट्यावर बसून आपली सुखदुःखे सांगितली आहेत त्यांना आमचे म्हणणे कळेल.

आणि तरीही, ही पत्रे लिहिली गेली नसती तर बरे झाले असते, असे आमच्या लेखणीतून उतरत नाही. त्या काळातील युरोपीय प्रवासी सम्राट, मंदिरे, मेजवान्या यांची वर्णने करीत होते. हा माणूस चिखल तुडवणाऱ्याचे पाय पाहत होता, आंधळ्याच्या हातातील रंगाचा खल पाहत होता. वर्तुळ काढण्यात आयुष्य घालवणारा मनुष्य त्याच्या पत्रामुळे आपल्यापर्यंत आला. त्याचे नाव तेवढे नाही आले. एवढी मोठी पत्रे लिहिताना ज्यांनी सारे सांगितले त्या दोघा-चौघांची तरी नावे फादर सहज लिहू शकले असते, ही रुखरुख आमच्या मनातून जात नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. दुसऱ्या पत्राच्या वर्षीच फादर बीजिंगला गेले. १७२४ साली योंगझेंग सम्राटाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. राजधानीबाहेरच्या मिशनऱ्यांना कँटनकडे हाकलण्यात आले आणि प्रांतोप्रांतीची चर्चेस हातची गेली. फादर दांत्रकोल १७४१ मध्ये बीजिंगलाच निवर्तले. जिंगदेझेनच्या सरकारी भट्ट्या १८५० च्या दशकातील ताइपिंग बंडात उद्ध्वस्त झाल्या, पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९११ नंतर राजेशाहीबरोबर संपल्या. गावात चाक मात्र थांबले नाही. आजही तेथे भट्ट्या आहेत, आणि २०१४ साली युनेस्कोने हस्तकलांचे सर्जनशील नगर म्हणून त्याची नोंद केली.

एका माणसाचा उल्लेख राहिला. फादर निघून गेल्यावर सहा वर्षांनी, १७२८ मध्ये, तांग यिंग हा दरबारी अधिकारी सरकारी भट्ट्यांवर देखरेखीसाठी जिंगदेझेनला आला. त्याला या कामातले काही कळत नव्हते. म्हणून त्याने गाठीभेटी, मेजवान्या सारे बंद केले आणि तीन वर्षे कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबरच विसावला. पुढे १७४३ साली सम्राटाच्या आज्ञेवरून त्याने या कामाच्या वीस चित्रांना वर्णने लिहिली. दगड खणण्यापासून भट्टीच्या देवाच्या पूजेपर्यंत सारे त्यांत आहे. अधिकारी येतात, हुकूम सोडतात, जातात. हा ऐकायला बसला.

एकदा त्याला एका देवळाच्या कोपऱ्यात टाकून दिलेला जुना निळा रांजण दिसला. तोंग बिनने ज्यांच्यासाठी प्राण दिला त्या नागांच्या रांजणांपैकीच तो होता. सदोष निघाल्यामुळे राजवाड्याकडे गेला नव्हता. तांग यिंगने दोन माणसे लावून तो उचलून आणवला आणि तोंग बिनच्या देवळीशेजारी उंच ओट्यावर बसवला. लोकांना नवल वाटले. जुन्या वस्तूंचा शौक म्हणावा तर हा रांजण धड अखंडही नाही! तांग यिंगने त्याचे उत्तर लिहून ठेवले आहे. ज्या भांड्यात त्या कारागिराचे रक्त मुरले आहे आणि ज्याला त्याच्या हाडामांसाने बांधून धरले आहे, ते फुटके म्हणून कसे टाकून द्यावे, असा त्याचा आशय आहे.